जनाना वार्ड

इंद्रभान लढाईवर गेला होता, पण बंदूक त्यानं कधी हातात धरली नाही. जानेफळच्या माळ्याचं पोर. वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यांतून उठलं आणि पलटणीत भरती झालं. तिकडे आसामच्या बाजूला जपान्यांशी लढाई चालली होती, तिथं त्याला लष्करी इस्पितळात लावलं. जखमी आलेल्यांना उचलायचं, धुवायचं, पुसायचं, लघवीचं भांडं द्यायचं, जखम बांधायची, रात्र रात्र उशाशी बसायचं. निजलेले सगळे पुरुष आणि त्यांचं करणारेही सगळे पुरुष. हे काम बाईचं की पुरुषाचं, असा प्रश्न तिथं कुणाला पडला नव्हता. सुरुवातीला त्याला शिसारी यायची. मग कधीतरी त्याच्या ध्यानात आलं, की तळमळणाऱ्या माणसाला आपण कूस पालटून दिली, पाठीखाली नीट उशी सारली, की त्याचा चेहरा सैल पडतो. तो सैल पडलेला चेहरा बघण्याची त्याला सवयच लागली.

लढाई संपली. इंद्रभान घरी आला, चार महिने मळ्यात राबला, आणि एके दिवशी बापाला म्हणाला, "आबा, मी खामगावले जातो. तिथच्या दवाखान्यात नर्सिंग शिकवतात."

पुंजाजीनं चिलीम बाजूला ठेवली. "म्हंजे कंपोंडर?"

"नाही. नर्स."

"नर्स तं बाई असते ना बे?"

"पलटणीत आमी गडीच होतो सारे."

पुंजाजीनं चिलीम परत उचलली. आई, कौशल्याबाई, चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं भाकरीवरून नजर न काढता म्हटलं, "जाऊ द्या त्याले. पण गावात कोनी इचारलं तं मी कंपोंडरच सांगीन."

खामगावचा तो दवाखाना एका कापसाच्या व्यापाऱ्यानं आईच्या नावानं बांधलेला होता. एका बाजूला मर्दाना वार्ड, दुसऱ्या बाजूला जनाना वार्ड, मध्ये फरशीचं अंगण आणि अंगणात कडुनिंब. कारभार गावातल्या प्रतिष्ठितांची कमिटी बघायची. सत्यभामाबाई तिथल्या मेट्रन. नागपूरकडच्या, तरुणपणी विधवा झालेल्या, कडक आवाजाच्या. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्यामुळे परीक्षाही नागपूरची. इंद्रभानला त्यांनी उभं राहूनच दोन-चार प्रश्न विचारले. थर्मामीटर कसा लावतात, तुटलेला पाय कसा उचलतात. मग म्हणाल्या, "मर्दाना वार्डात माझ्या मुलींना फार त्रास होतो. तुमच्यासारखा एखादा हवाच होता."

वर्गात सगळ्या मुली आणि बाया. त्यांची राहायची सोय दवाखान्यामागच्या घरात होती. इंद्रभानला मोडक्या खाटा ठेवायच्या खोलीत जागा दिली. तो वर्गात मागच्या बाकावर दाराशी बसायचा. शरीराची रचना, औषधं, जखमा, ताप, सगळं नीट चाललं. मग एका सकाळी सत्यभामाबाईंनी भिंतीवर बाळंतपणाचा तक्ता टांगला आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "इंद्रभान, तुम्ही बाहेर जा. पट्ट्या गुंडाळून ठेवा."

तो बाहेर गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "बाई, परीक्षेले तो पेपर हाये ना?"

"आहे."

"मंग मी काय लिहू?"

सत्यभामाबाईंनी चष्मा काढून पुसला. "नागपूरला विचारलंय. पुरुषांसाठी काही वेगळं ठेवतील. बघू."

नागपूरहून उत्तर आलं नाही.

मर्दाना वार्डात तो लवकरच सगळ्यांचा झाला. रोगी त्याला गमतीनं "नर्सबाई" म्हणायचे, त्यानं रागवायचं सोडून दिलं होतं. साखरखेर्ड्याचे एक गृहस्थ आपल्या मुलीसाठी त्याला बघायला थेट दवाखान्यातच आले, आणि तो एका म्हाताऱ्याचं भांडं धुताना दिसला तसे पाऊल न वाजवता परत गेले. हेही त्यानं गिळलं.

पण एक गोष्ट गिळता आली नाही. एका दुपारी अंगणात एक बाई चक्कर येऊन पडली. डोकं फरशीवर आपटलं. जवळ दुसरं कुणी नव्हतं. इंद्रभाननं तिला उचललं आणि जनाना वार्डाच्या दारातून आत नेऊन खाटेवर ठेवलं. एवढंच. पण तिच्या दिरानं अंगण डोक्यावर घेतलं. आमच्या घरच्या बाईला परक्या गड्यानं हात घातला म्हणाला. प्रकरण कमिटीपर्यंत गेलं. कमिटीनं ठरवलं, की शिकाऊ पुरुषानं जनाना वार्डाचा उंबरा ओलांडायचा नाही. सत्यभामाबाईंनी त्याच्यासमोर कमिटीला तसा शब्द दिला. बाहेर आल्यावर त्याला हळूच म्हणाल्या, "तुम्ही चुकला नाहीत. पण पुन्हा करू नका. नाहीतर मला तुम्हाला ठेवता यायचं नाही."

त्याच वर्षी थंडी सुरू व्हायच्या वेळेला कौशल्याबाई मळ्यात पडली. विहिरीजवळच्या शेवाळलेल्या दगडावरून पाय सरकला आणि मांडीचं हाड वरच्या बाजूला मोडलं. पुंजाजीनं तिला बैलगाडीत, मग सर्व्हिस मोटारीत घालून खामगावला आणलं. डॉक्टर नारायणरावांनी पाय तपासला, पायाला वजन बांधलं, आणि सांगितलं की दोन-अडीच महिने तरी असंच निजून राहावं लागेल.

खाट मिळाली ती जनाना वार्डात, खिडकीशी.

इंद्रभानला पहिल्या दिवशी वाटलं, बरं झालं, माय आपल्याच दवाखान्यात आली. असं निजून राहिलेल्या माणसाचं काय करायचं असतं ते त्याच्या हातांना पाठ होतं. दर थोड्या वेळानं अंग हलवायचं, चादरीला सुरकुती ठेवायची नाही, पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावायची, माकडहाडाखाली रबराची गोल गादी द्यायची. पलटणीत त्याच्या हाताखालच्या माणसाची पाठ पडून पडून कधी फुटली नव्हती.

पण भेटीची वेळ संध्याकाळची, तीही तासाभराची. त्या वेळात इतर नातेवाइकांसारखा तोही स्टुलावर बसू शकत होता. मुलगा म्हणून. अंगाला हात लावायचा नाही, पांढरा डगला घालून जायचं नाही.

डगल्याचं तर आईनंच सांगितलं. "तो पांढरा झगा घालून येऊ नको इथं. ह्या बाया इचारतात, तुमचा पोरगा बायायचं काम करते का म्हनून."

"मंग तू काय सांगतलं?"

"मी झोपल्यासारखं केलं."

वार्डात पंधरा-सोळा खाटा आणि त्यांच्यावर दोन पगारी नर्सा. बाकी काम शिकाऊ मुलींवर. त्यांतली आशाबाई देऊळघाटची, मोठ्या समजुतीची. इंद्रभान तिला अंगणात गाठायचा.

"मायले आज पालटलं का?"

"सकाळी पालटलं, भाऊ."

"दुपारी?"

"दुपारी दोन बाळंतपणं होती. कुठून येऊ?"

तिचं म्हणणं खरं होतं, त्याला ठाऊक होतं. मग तो मर्दाना वार्डात जाऊन कुणाची तरी पाठ चोळत बसायचा. एकदा एक रोगी म्हणाला, "बापू, जरा हळू." तेव्हा त्याला कळलं की आपण फार जोर लावून राहिलोय.

त्याला आणखी एक गोष्ट दिसली. आई पाणी पीत नव्हती. तांब्या सकाळी भरलेला, संध्याकाळी तसाच.

"माय, पाणी काऊन नाही पीत?"

"तहान नाही."

"खोटं नको बोलू."

तिनं मान खिडकीकडे वळवली. "पाणी पेलं की भांडं मागा लागते. कितीदा मागू? त्या पोरी धावून धावून थकून जातात. अन् मांगच्या खाटेवरची बाई पाह्यते."

"मी मागून देत जाईन."

"तू?" कौशल्याबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो तांब्यातलं पाणी बदलून आणायला उठला.

एका संध्याकाळी तो स्टुलावर बसला आणि त्याला वास आला. पुसट, गोडसर, पावडरीच्या वासाखाली दबलेला. आसामात तंबूत शिरल्या शिरल्या तो वास त्याला ओळखू यायचा. तो ताडकन उठला.

"माय, पाठ दाखव."

"काय?"

"पाठ. जरासं कुशीवर हो. मले पाहू दे."

तिनं पांघरूण दोन्ही हातांनी छातीशी गच्च धरलं. "दूर हो! लाज वाटत नाही? सारा वार्ड पाहून राह्यला."

शेजारच्या खाटांवरच्या बाया खरंच बघत होत्या. तो मागं सरला.

बाहेर आशाबाई भेटली. त्यानं विचारायच्या आधीच तिची मान खाली गेली. "काल चामडी निघाली, भाऊ. आज फुटलं. मेट्रनबाईले सांगतलं मी."

इंद्रभान डॉक्टरांच्या खोलीत गेला. नारायणराव जेवायला निघाले होते, तरी थांबले.

"साहेब, माह्या मायची पाठ फुटली. मले तिचं करू द्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पडदा लावून करीन. बाकी कोणाकडं मान वर करून पाहणार नाही."

"नर्सा करतायत ना?"

"त्यायले वेळ नाही, साहेब. त्यायचा दोष नाही."

नारायणराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "तू हे मुलगा म्हणून मागतोस, की नर्स म्हणून?"

"दोन्ही."

"दोन्हीपैकी कोणत्याही नात्यानं तुला तिथं हात लावता येत नाही, इंद्रभान. मुलगा म्हणून तुझी आई लावू देणार नाही, आणि नर्स म्हणून कमिटी." ते टोपी घालत म्हणाले, "आशाला सांगतो मी. लक्ष देईल."

आशानं लक्ष दिलंही. दोन दिवस. मग गावात तापाची साथ आली आणि जनाना वार्डात जमिनीवरसुद्धा बाया निजवल्या.

त्या दिवसांतली एक दुपार. इंद्रभान मर्दाना वार्डातून पाण्याची बादली घेऊन अंगण ओलांडत होता. जनाना वार्डाचं दार उघडं होतं. आत नर्स दिसत नव्हती. त्याला आईचा आवाज आला. ती कुणाला हाक मारत नव्हती, बारीक कण्हत होती, कुणाला ऐकू जाऊ नये अशी. त्यानं दारातून पाहिलं. तिच्या खाटेखाली थेंब थेंब पडत होते. अंथरूण ओलं झालं होतं, आणि किती वेळ ती त्यात पडून होती कुणास ठाऊक. ओलं अंथरूण आणि फुटलेली पाठ.

बादली तिथंच ठेवून तो आत गेला. कोपऱ्यातला कापडी पडदा ओढून खाटेभोवती लावला, कपाटातून कोरडी चादर काढली, पाण्यात फडकं बुचकळलं. हात आपोआप चालत होते.

"कोन? आशा का?"

"मी हाये, माय. बोलू नको. डोये मिट. दोन मिनिटात होते."

त्यानं पांघरुणाला हात लावला. कौशल्याबाईनं त्याचं मनगट पकडलं. इतके दिवस निजून असलेल्या बाईत एवढा जोर कुठून आला! तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता.

"माह्या अंगाले हात लावू नको. तुले माही आन हाये."

"माय, पाठ सडून राह्यली तुही. मी पल्टनीत शेकडो लोकायचं केलं."

"ते गडी होते. मी तुही माय हाये. तुले म्या नागडं पाह्यलं, तू मले पाहू नको. मेली तं चालीन."

तो तसाच उभा राहिला. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हाताचं मनगट आईच्या मुठीत. सोडवून घेणं कठीण नव्हतं. भ्रमात हातपाय झाडणारे धिप्पाड जवान त्यानं एकट्यानं धरून ठेवले होते. पण ती शुद्धीत होती, नाही म्हणत होती. नाही म्हणणाऱ्या माणसावर जबरदस्ती करायची नाही, हेही तो इथल्याच वर्गात शिकला होता.

पडद्याबाहेर कुणीतरी ओरडलं, "आत माणूस शिरला! बायांच्या वार्डात माणूस!" जमिनीवर निजलेल्या बाया उठून बसल्या. एकीचं पोर रडायला लागलं. सत्यभामाबाई धावत आल्या, पडदा सारला, आणि काय झालं ते त्यांना एका नजरेत कळलं. त्यांनी इंद्रभानच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "तुम्ही जा. मी करते."

त्यांनी खरंच स्वतःच्या हातानं सगळं केलं. पण ओरड बाहेर पोचली होती. दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. इंद्रभानला आत बोलावलं नाही. संध्याकाळी सत्यभामाबाईंनी त्याला निंबाखाली गाठलं.

"शिक्षण बंद," त्या म्हणाल्या. "मर्दाना वार्डात मलमपट्टी करणारा म्हणून राहता येईल. एवढं मी मागून घेतलं."

"म्हंजे परीक्षा नाही."

"नाही." त्या जायला वळल्या आणि थांबल्या. "तसंही त्या एका पेपरात तुम्ही अडलाच असता. मी तुम्हाला वर्गात घेतलं तेव्हाच मला हे दिसायला हवं होतं."

इकडे पुंजाजीनं हाय खाल्ली. बाजारात लोकांनी त्याला विचारलं, तुझ्या पोरानं बायांच्या वार्डात काय केलं? तो थेट वार्डात आला आणि म्हणाला, "चाल, घरी नेतो तुले. मराचं असंल तं आपल्या घरात मरू." डॉक्टरांनी समजावलं, पण कौशल्याबाईलाही घरीच जायचं होतं. पायाला फळ्या बांधून तिला परत मोटारीत घातलं. इंद्रभान सोबत निघाला.

घरात बाई माणूस दुसरं नव्हतं. बहीण दूर दिली होती, तिचे दिवस भरत आले होते. शेजारची झुंबरबाई सकाळ-संध्याकाळ येऊन करू लागली. चांगली बाई, हात मोकळा, पण तिनं आयुष्यात असलं काही केलेलं नव्हतं. ती आत गेली की दार लोटून घ्यायची आणि इंद्रभान बाहेर ओट्यावर दाराला तोंड लावून बसायचा.

"काकू, पाणी उकळलेलंच घ्या."

"घेतलं बाप्पा."

"जखमेच्या काठाकाठानं पुसा. मधात घासू नका."

"काठ कुठं हाये ते मले समजून नाही राह्यलं, इंद्रभान. लय मोठं हाये हे."

"केवढं?"

मग झुंबरबाईचा आवाज, घाबरलेला. "माही मूठ जाईन."

इंद्रभाननं कपाळ दाराच्या फळीला टेकवलं. "आतून काळं हाये का लाल?"

"मले नको इचारू. मले पाह्यवत नाही." आणि मागून कौशल्याबाईचा, "झाक वं झुंबर, झाक. त्याले काही सांगू नको."

तो बोलून सांगू शकत होता तेवढं सांगत होता. पण कुठं किती दाबायचं, फडकं कधी बदलायचं, जखमेचा रंग काय सांगतो, हे बोलून दुसऱ्याच्या बोटांत घालता येत नाही. फक्त पाणी पिण्याचं तिनं त्याचं ऐकलं. तो चमच्यानं पाजायचा आणि ती डोळे मिटून प्यायची. तेवढा एक वेळ तिच्या जवळ बसायला मिळायचा. "तू पाणी पाजतं तं घशाखाली उतरते," ती एकदा म्हणाली. तेवढंच.

मग ताप चढला. ती बडबडायला लागली, माहेरच्या माणसांना हाका मारू लागली. एका सकाळी तिनं डोळे उघडले ते कुणालाच न ओळखता, आणि परत मिटले. श्वास जड झाला. पुंजाजी बाहेर आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आता तिले कुठं समजते," तो म्हणाला. "जाय. तुले जे करता येते ते कर. मी कोनाले आत येऊ देत नाही."

इंद्रभान आत गेला. खोलीत तोच वास भरून होता. त्यानं खिडकी उघडली. हात धुतले. आईच्या खाटेशी गुडघे टेकले. आता मनगट धरणारं कुणी नव्हतं. पांघरुणाची कड त्यानं उचलली, आणि ती उचललेली कड हातात घेऊन तो तसाच राहिला.

ती शुद्धीत असताना नाही म्हणाली होती. शुद्ध गेली म्हणून ते नाही पुसलं गेलं का? आता जखम धुऊन ती वाचणार नव्हती, हे त्याच्याइतकं त्या घरात कुणालाच कळत नव्हतं. जेव्हा उपयोग होता तेव्हा परवानगी नव्हती, आणि आता परवानगी होती ती जिची हवी तिची नव्हती.

त्यानं कड खाली सोडली. तिचं तोंड पुसलं. कोरडे पडलेले ओठ ओले केले. हात धुतले, बोटं एकेक करून, नखांतली मळ्यातली माती अजून गेली नव्हती ती काढली. पाय धुतले. लुगडं तसंच ठेवून, खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालून तिला हलकेच कुशीवर वळवलं आणि पाठीला उशीचा टेका दिला. तिचा श्वास जरा मोकळा झाला. चेहरा सैल पडला, की त्याला तसं वाटलं, ते सांगता येत नाही.

मग दारात जाऊन त्यानं झुंबरबाईला हाक मारली. "काकू, बाकीचं तुमी करा."

पुंजाजी भिंतीशी बसला होता. त्यानं मान वर केली. "काऊन?"

"तिनं आन घातली हाये, आबा."

"मंग इतके दिवस शिकून काय झालं बे?" बाप रागानं बोलला नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

इंद्रभान त्याच्याजवळ बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कौशल्याबाई गेली. अंगणात आडोसा करून बायांनी तिला न्हाऊ घातलं. इंद्रभान आडोशाच्या या बाजूला, पाणी तापवून देत होता.

तेराव्यानंतर तो ट्रंक आणायला खामगावला गेला. मलमपट्टीचं काम त्यानं घेतलं नाही. सत्यभामाबाईंनी आग्रह केला नाही, त्याच्या कामाबद्दल मात्र चांगले शब्द बोलल्या. फाटकाशी आशाबाई उभी होती. तिची परीक्षा तोंडावर आली होती. ती काही बोलायच्या आधीच रडायला लागली.

"मी पालटत होती त्यायले, भाऊ. जमन तेव्हा पालटत होती."

"मले माहीत हाये."

"रागावले तं नाही ना?"

"कोनावर रागावू, आशाबाई?" तो म्हणाला. ट्रंक डोक्यावर घेऊन तो मोटार अड्ड्याकडे चालू लागला. कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्याच्या वळणापर्यंत लागली होती, आणि तिच्या कडेकडेनं त्याला वाट काढत जावं लागलं.